हॉफस्टॅटरचं फुलपाखरू घरच्या संगणकावर: क्रमसापेक्ष बीजगणितातल्या ऑपरेटरचा वर्णपट टप्प्याटप्प्याने

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी हार्पर ऑपरेटरचा (चुंबकीय क्षेत्रातल्या जाळीवरच्या इलेक्ट्रॉनचं गणित मांडणाऱ्या अनंत मॅट्रिक्सचा) वर्णपट, म्हणजे ढोबळमानाने तिच्या आयगेनव्हॅल्यूंचा संच, पहिल्यांदा काढला. मॅट्रिक्स अनंत, म्हणून ती दोनशे ओळी आणि दोनशे स्तंभांवर कापली, आयगेनव्हॅल्यू काढल्या आणि आलेख मांडला. पट्टे दिसले, त्यांच्यामधल्या फटी दिसल्या, आणि फटींच्या आत दोन-चार सुटे ठिपकेही दिसले. ते ठिपके मी पंधरा दिवस खरे धरून चाललो. त्यांचा अर्थ लावायला पानंच्या पानं लिहिली. ते ठिपके ऑपरेटरचे नव्हतेच, मी मारलेल्या कात्रीचे होते. साखळी जिथे तोडली त्या दोन टोकांना चिकटून बसलेल्या त्या अवस्था होत्या.

हा लेख त्या पंधरा दिवसांमुळे लिहितो आहे. क्रमसापेक्ष बीजगणित, म्हणजे जिथे अब आणि बअ एक नसतात ते, हे आपल्याकडे बहुतेकदा निव्वळ अमूर्त म्हणून शिकवलं जातं. हिशेबाच्या कामात मात्र तेच सगळ्यात व्यवहारी साधन ठरतं. कुठे कापायचं आणि कुठे अजिबात कापायचं नाही, हे ते नेमकं सांगतं. वाचकाला मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू माहीत आहेत आणि पायथॉनसारख्या भाषेत थोडं लिहिता येतं, एवढंच गृहीत धरतो.

पायरी १: ऑपरेटर मांडा

पूर्णांकांवरची फलनं घ्या, फ(न). त्यांच्यावर दोन क्रिया करायच्या. पहिली सरकवण्याची: (यफ)(न) = फ(न+१). दुसरी फिरवण्याची: (वफ)(न) = झⁿ·फ(न). लिपीच्या सोयीसाठी इथे घातातला न उंचावर लिहिला आहे, एवढंच. झ ही एकक वर्तुळावरची संमिश्र संख्या, तिचा कोन २पाय·थ.

आता दोन्ही क्रमांनी करून बघा. आधी व, मग य केलं तर फ(न+१) ला झ चा घात न+१ लागतो. आधी य, मग व केलं तर घात न लागतो. म्हणून

यव = झ·वय

या एका नियमातून उभं राहणाऱ्या बीजगणिताला परिभ्रमण बीजगणित किंवा क्रमसापेक्ष टोरस म्हणतात. थ पूर्णांक असेल तर झ = १ आणि सगळं पुन्हा क्रमनिरपेक्ष होतं. आपला ऑपरेटर असा (य* आणि व* म्हणजे य आणि व च्या उलट क्रिया):

ह = य + य* + व + व*

उलगडून लिहिला तर हा साधा डिफरन्स ऑपरेटर आहे: (हफ)(न) = फ(न+१) + फ(न−१) + २कॉस(२पाय·थ·न + ब)·फ(न). यातला ब हा सुरुवातीचा कोन. व ला एका स्थिर कलेने गुणलं तरी वरचा नियम मोडत नाही, म्हणून ब ला मोकळीक आहे.

हे मूळचं भौतिकशास्त्रातून आलं आहे. चौकोनी जाळीवरचा इलेक्ट्रॉन, जाळीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र, आणि थ म्हणजे एका चौकटीतून जाणारा फ्लक्स, फ्लक्स-क्वांटमच्या मापात. पायर्ल्स यांनी १९३३ मध्ये पाया घातला, हार्पर यांनी १९५५ मध्ये हे समीकरण मांडलं. डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७६ मध्ये थ बदलत सगळे वर्णपट एकाखाली एक रचले आणि ते फुलपाखराचं चित्र जगापुढे आलं. तो हिशेब जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग इथे, टेबलावर मावणाऱ्या प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरवर झाला होता. तुमच्या हातातला फोन त्याहून कितीतरी ताकदवान आहे.

पायरी २: कापू नका, तंतू वेगळे करा

सगळ्या लेखाचा गाभा या पायरीत आहे, म्हणून सावकाश घ्या.

समजा थ परिमेय आहे, थ = प/क, आणि प, क सहमूळ आहेत. मग झ चा क-वा घात १ होतो. यव = झवय हा नियम क वेळा वापरला की दिसतं की य चा क-वा घात व शी क्रमनिरपेक्ष आहे, आणि व चा क-वा घात य शी. म्हणजे हे दोन घात बीजगणिताच्या केंद्रात जाऊन बसतात, सगळ्यांशी जुळवून घेतात. केंद्रातल्या वस्तूंना आपण साध्या संख्या मानू शकतो. त्यांना एकक वर्तुळावरची एकेक किंमत द्या, दोन कोन अ आणि ब वापरून. तेवढं केलं की य आणि व उरतात फक्त क×क आकाराच्या मॅट्रिक्स होऊन.

अनंत ऑपरेटर असा छोट्या मॅट्रिक्सच्या कुटुंबात उलगडतो. त्यात काहीही तोडलेलं नाही, टोक नाही, म्हणून टोकाच्या खोट्या अवस्थाही नाहीत. मॅट्रिक्सची रचना अशी: कर्णावर २कॉस(२पाय·प·न/क + ब), कर्णाच्या शेजारच्या दोन्ही ओळींत १, आणि वरच्या उजव्या व खालच्या डाव्या कोपऱ्यात क·अ कोनाची कला (एकात अधिक, एकात उणे). पहिला आणि शेवटचा बिंदू हातात हात घालून वर्तुळ करतात. हे कोपरे विसरलात की पुन्हा कात्री मारल्यासारखंच झालं.

वर्णपट म्हणजे अ आणि ब च्या सर्व किमतींसाठी मिळणाऱ्या आयगेनव्हॅल्यूंचा संयोग.

मग सगळे अ, सगळे ब तपासत बसायचं का? नाही. निश्चयक उलगडला की एक सुंदर गोष्ट दिसते, चेंबर्स यांचं सूत्र म्हणतात तिला. कोनांवर अवलंबून असलेला सगळा भाग एकाच स्थिरपदात गोळा होतो:

बहुपदी(ई) = २कॉस(कअ) + २कॉस(कब)

ई म्हणजे आयगेनव्हॅल्यू. डावीकडची बहुपदी क घाताची आहे आणि तिच्यात अ, ब कुठेच नाहीत. उजवी बाजू −४ ते ४ मध्ये फिरते. म्हणजे बहुपदीची किंमत −४ आणि ४ च्या दरम्यान असते असे सगळे ई, हाच वर्णपट. दोन कोनांचा प्रश्न एका पट्टीवर आला.

पायरी ३: एक उदाहरण हाताने सोडवा

संगणक सुरू करण्याआधी हे वहीत करा. थ = १/३ घ्या. कर्णावरच्या तीन संख्यांची बेरीज शून्य येते, दोन-दोन घेऊन केलेल्या गुणाकारांची बेरीज −३, आणि शेजारच्या १ मुळे आणखी −३. म्हणून

ई³ − ६ई = २कॉस(३अ) + २कॉस(३ब)

उजवीकडे ४ ठेवा. ई = −२ चालतं का? −८ + १२ = ४, चालतं. मग (ई + २)(ई² − २ई − २) = ०, म्हणजे बाकीची दोन मुळं १ ± √३, अर्थात २.७३२ आणि −०.७३२. उजवीकडे −४ ठेवलं की याच संख्या उलट्या चिन्हाने येतात. मुळं लहान ते मोठी लावून जोड्या पाडा: तीन पट्टे मिळाले, −२.७३२ ते −२, −०.७३२ ते ०.७३२, आणि २ ते २.७३२. मध्ये दोन स्वच्छ फटी. पट्ट्यांची एकूण लांबी २.९२८.

थ = १/४ साठी बहुपदी ई⁴ − ८ई² + ४ येते. उजवीकडे ४ ठेवलं तर ई²(ई² − ८) = ०, आणि इथे शून्य हे दुहेरी मूळ आहे. मधले दोन पट्टे शून्यावर एकमेकांना टेकतात, त्यांच्यात फट नाही. क सम असला की दर वेळी असंच होतं आणि फक्त याच एका जागी होतं. बाकी सगळ्या फटी उघड्या असतात. एकूण लांबी २.५९५.

हे दोन आकडे, २.९२८ आणि २.५९५, वहीच्या कडेला लिहून ठेवा. प्रोग्रॅमची पहिली परीक्षा त्यांच्यावर घ्यायची आहे.

पायरी ४: दोनच मॅट्रिक्स, त्याही वास्तव

पट्ट्यांच्या कडा उजवी बाजू ४ आणि −४ असताना मिळतात. ४ साठी अ = ब = ०. −४ साठी अ = ब = पाय/क. पहिल्या वेळी कोपऱ्यात १ येतो, दुसऱ्या वेळी −१. दोन्ही मॅट्रिक्स वास्तव आणि सममित, संमिश्र संख्यांची गरजच उरली नाही. प्रत्येक अपूर्णांकाला एवढंच करायचं:

पहिली मॅट्रिक्स: कर्ण २कॉस(२पाय·प·न/क), कोपरे १. दुसरी: कर्ण २कॉस(२पाय·प·न/क + पाय/क), कोपरे −१. दोघींच्या आयगेनव्हॅल्यू लहान ते मोठ्या लावा. पहिलीची पाचवी आणि दुसरीची पाचवी घेतली की त्यांच्यामध्ये पाचवा पट्टा. कोणती लहान, कोणती मोठी हे पट्ट्यागणिक आलटून-पालटून येतं, म्हणून दर वेळी लहान-मोठी ठरवून घ्या.

आता खाचखळगे. यातल्या पहिल्याने माझे दोन दिवस खाल्ले आहेत.

मॅट्रिक्समध्ये शेजारचे १ आणि कोपरे भरताना किंमत "ठेवू" नका, आधीच्या किमतीत "मिळवा". क = २ असताना शेजार आणि कोपरा ही एकच जागा असते. तिथे १ + १ = २ किंवा १ − १ = ० यायला हवं. नुसती किंमत ठेवली तर १ वर १ चढतो आणि १/२ ची ओळ चुकते. बरोबर उत्तर −२.८२८ ते २.८२८ असा सलग पट्टा आहे. बाकी सगळं चित्र व्यवस्थित दिसतं, त्यामुळे ही चूक लवकर सापडत नाही.

दुसरं, आयगेनव्हॅल्यूंसाठी सममित मॅट्रिक्सचं खास रूटीन वापरा. ते वेगवान असतं, उत्तरं वास्तवच देतं आणि क्रमाने लावूनच देतं. तिसरं, क मोठा झाला की बहुपदीचे सहगुणक काढून मुळं शोधण्याचा मोह टाळा. सहगुणक प्रचंड मोठे होतात आणि एकमेकांना खोडताना सगळी अचूकता घालवतात. बहुपदी समजण्यासाठी, हिशेब मॅट्रिक्सने.

पायरी ५: चित्र

क = ५० पर्यंतचे सगळे सहमूळ अपूर्णांक घ्या, १/१ धरून ते ७७४ भरतात. साध्या लॅपटॉपला हे काहीच नाही. उभ्या अक्षावर थ, आडव्यावर ई, आणि प्रत्येक पट्ट्यासाठी एक आडवी रेघ. रेघा बारीक ठेवा, नाहीतर कडेच्या नाजूक फटी बुजून जातात.

चित्र आलं की दोन सममिती तपासा. ई च्या जागी −ई घेतलं तरी चित्र तेच हवं, आणि थ च्या जागी १−थ घेतलं तरी तेच. यातली एकही बिघडली असेल तर चूक कोपऱ्यांत आहे.

पायरी ६: फटींना पूर्णांक द्या

इथे मला खरा आनंद आहे. चित्र तर कोणीही काढतो. पण प्रत्येक फटीच्या कपाळावर एक पूर्णांक लिहिलेला असतो आणि तो वाचण्यासाठी एकही इंटिग्रल करावं लागत नाही.

खालून मोजत र-वा पट्टा संपला की जी फट येते तिच्यासाठी हे समीकरण सोडवा:

र = स·क + ट·प

स आणि ट पूर्णांक, आणि ट चं मूल्य चिन्ह सोडून क/२ पेक्षा कमी. १/३ साठी पहिली फट: १ = ०·३ + १·१, म्हणजे ट = १. दुसरी: २ = १·३ − १·१, म्हणजे ट = −१. २/५ साठी चार फटींचे ट अनुक्रमे −२, १, −१, २ येतात, करून बघा. प्रोग्रॅममध्ये प चा क-मापातला व्यस्त काढा, र ने गुणा, क ने भागून बाकी घ्या आणि बाकी क/२ च्या वर गेली तर क वजा करा. क सम असताना ट बरोबर क/२ फक्त एकाच जागी येतो, मधल्या टेकलेल्या जागी. तिथे फट नाहीच. गणित आपलं आपण सांभाळून घेतं.

हा ट म्हणजे काय? थाउलेस, कोमोटो, नाइटिंगेल आणि डेन नाइस या चौघांनी १९८२ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनांची पातळी त्या फटीत असेल तर हॉल वहनक्षमता (चुंबकीय क्षेत्रात आडव्या दिशेने मोजलेली वहनक्षमता) e²/h या मूळ एककाच्या बरोबर ट पट असते. फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये प्रयोगात पाहिलेल्या पायऱ्यांमागचं कारण इथे पूर्णांक होऊन समोर आलं. थाउलेस यांना २०१६ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

बीजगणिताच्या बाजूने हेच असं दिसतं. फटीच्या खालच्या वर्णपटाचं एक प्रोजेक्शन बनतं आणि ते बीजगणितातच राहतं. त्याचा ट्रेस, म्हणजे दर बिंदूमागे किती अवस्था भरल्या तो आकडा, स + ट·थ या रूपातच असू शकतो. पिम्सनर आणि वॉइकुलेस्कू, तसंच रिफेल यांनी १९८० च्या आसपास हे परिभ्रमण बीजगणितासाठी सिद्ध केलं, आणि बेलिसार यांनी ते फटींच्या नावांशी जोडलं. ऑपरेटरमध्ये छोटे बदल करा, फट मिटत नाही तोवर ट हलत नाही. माझ्या त्या सुट्या ठिपक्यांचं मूळही यातच होतं: ट शून्य नसलेल्या फटीत, ब फिरवताना कधी ना कधी, टोकाच्या अवस्था येणारच. म्हणून कोणाच्या आलेखात असे ठिपके दिसले तर कोन ब थोडा बदलून बघा. ठिपके फटीत इकडून तिकडे सरकले आणि पट्टे जागचे हलले नाहीत, तर ती कात्रीची करणी.

रंगवताना धन ट ला उष्ण रंग द्या, ऋण ट ला थंड. ओसादची आणि अव्रॉन यांनी २००१ मध्ये असं रंगीत फुलपाखरू प्रसिद्ध केलं. ते पाहिल्यावर काळं-पांढरं चित्र पुन्हा काढावंसं वाटत नाही.

पायरी ७: अपरिमेय थ कडे

थ अपरिमेय असताना बीजगणित सरळ होतं, म्हणजे त्यात आत दडलेली द्विपक्षी आयडियल उरत नाहीत. परिणाम हा की वर्णपट ब वर अवलंबून राहत नाही. पण आता छोटी मॅट्रिक्सही मिळत नाही. म्हणून जवळच्या अपूर्णांकांनी पाठलाग करायचा. सुवर्ण प्रमाणाचा ०.६१८०३४ घेतला तर फिबोनाची मदतीला: ३/५, ५/८, ८/१३, १३/२१, २१/३४, ३४/५५. थ बदलला की वर्णपटाच्या कडा जास्तीत जास्त त्या फरकाच्या वर्गमूळाच्या काही पटीत सरकतात, हे सिद्ध झालेलं आहे. ३४/५५ चा फरक ०.०००१५ आहे, त्याचं वर्गमूळ ०.०१२. एवढ्या मापापेक्षा ठळकपणे रुंद असलेल्या फटीच खऱ्या माना.

खात्री पटवायची असेल तर ३४/५५ मध्ये र = ३४ ची फट बघा. ट = १. र = २१ ला ट = −१, कारण ५५ − ३४ = २१. र = १३ ला ट = २. पुढच्या अपूर्णांकाला, ५५/८९ ला, जा: याच ट च्या फटी जवळपास त्याच जागी सापडतील, र मात्र ५५, ३४ आणि २१ असेल. र बदलतो, ट टिकतो. फट ओळखायची ती ट ने.

पट्ट्यांची एकूण लांबी मोजत चला. थाउलेस यांनी १९८३ मध्ये संख्यात्मक हिशेबावरून अंदाज मांडला की क गुणिले एकूण लांबी ही ९.३३ कडे झुकते. १/३ ला ती ८.७८, १/४ ला १०.३८. ३४/५५ ला लांबी ०.१७ च्या जवळपास यायला हवी. म्हणजे अपरिमेय थ ला लांबी शून्य, आणि वर्णपट उरतो कॅन्टर संच, म्हणजे ज्यात एकही सलग तुकडा नाही आणि एकही सुटा बिंदू नाही असा संच. तो कॅन्टर संचच आहे हे सर्व अपरिमेय थ साठी सिद्ध व्हायला बराच काळ लागला. मार्क काट्स यांनी १९८१ मध्ये या कोड्यासाठी दहा मार्टिनी देऊ केल्या आणि बॅरी सायमन यांनी त्याला तेच नाव दिलं. पुइग यांनी २००४ मध्ये मोठा टप्पा गाठला, आणि अर्तूर आविला व स्वेतलाना जितोमिर्स्काया यांची पूर्ण सिद्धता २००९ मध्ये छापली गेली.

पायरी ८: विकलक ऑपरेटर याच चित्राच्या कोपऱ्यात

थ अगदी लहान घ्या. य आणि व ला घातांकी रूपात लिहिलं, तर त्यांच्या घातांकांतल्या दोन क्रिया क्ष आणि ज्ञ समजा, त्यांचा क्रमभेद २पाय·थ इतका असतो. ह चा वरचा भाग मग ४ − (क्ष² + ज्ञ²) असा दिसतो. हा चुंबकीय क्षेत्रातला विकलक ऑपरेटर, आणि त्याचा वर्णपट हार्मोनिक ऑसिलेटरसारखा पायऱ्यांचा: ४ − २पाय·थ·(२न + १). या लांडाऊ पातळ्या. थ = १/५० ला पहिली पातळी ३.८७४ येते, पुढची दुरुस्ती धरून ३.८७६. तुमच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वरचा पट्टा तिथेच असायला हवा.

तो पट्टा इतका अरुंद असतो की डबल प्रिसिजनच्या सोळा अंकांत त्याची रुंदी मावत नाही. चित्रासाठी चालेल, पण अरुंद पट्ट्यांच्या रुंदीचा लॉग-आलेख काढायचा असेल तर जास्त अंकांचं गणित करणारी लायब्ररी घ्या. नाहीतर जे दिसेल तो निव्वळ गोलाई-दोष असेल.

पायरी ९: वजन बदलून बघा

ह = य + य* + ल(व + व*) असं करा, म्हणजे कर्ण ल ने गुणा, बाकी काही बदलू नका. ल धन असेल तर कडा त्याच दोन कोनांवर मिळतात. अपरिमेय थ साठी एकूण लांबी ४|१−ल| असते, हा ऑब्री आणि आंद्रे यांचा १९८० चा अंदाज आता प्रमेय आहे. ल = १/२ ठेवा. १/३ ला लांबी २.७४ येते, आणि फिबोनाचीच्या वाटेने पुढे जाताना ती २ कडे उतरते.

प्रयोगाची वाट या गणितापेक्षा कितीतरी अवघड होती. साध्या स्फटिकात अणूंमधलं अंतर ०.३ नॅनोमीटर धरलं तर थ = १ साठी सुमारे ४६,००० टेस्ला लागतात; एवढं क्षेत्र प्रयोगशाळेत मिळत नाही. ग्राफीनचा थर बोरॉन नायट्राइडवर ठेवला की साधारण १४ नॅनोमीटरची मोठी नक्षी तयार होते आणि गरज २४ टेस्लाच्या आसपास येते. २०१३ मध्ये अशाच नमुन्यांवर फटींच्या रेषा मोजल्या गेल्या. आडव्या अक्षावर क्षेत्र आणि उभ्यावर इलेक्ट्रॉनांची घनता मांडली की त्या रेषा सरळ असतात. प्रत्येकीचा उतार म्हणजे ट, आणि शून्य क्षेत्राला ती जिथे पोचते तो स.